बाबासाहेबांची शुगर आणि आपली



सहा डिसेंबरच्या सभेत एक वाक्य दरवर्षी ऐकायला मिळतं. वक्ता गळा काढून सांगतो, बाबासाहेब आजारी होते, डोळ्यांना दिसत नव्हतं, पाय उचलत नव्हते, तरी रात्र रात्र जागून त्यांनी आपल्यासाठी लिहिलं. बाया पदरानं डोळे पुसतात. टाळ्या पडतात. मग पुढचा वक्ता. आजवर एकाही वक्त्यानं सांगितलं नाही की तो आजार कोणता होता, त्याला औषध काय चालू होतं, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माणसांत तोच आजार किती जणांच्या अंगात मुरलेला आहे. आजार हा आपल्याकडं त्यागाचा पुरावा म्हणून वापरतात. पुरावा दिला की काम संपलं.

म्हणून आधी नावं घेऊ. मधुमेह. रक्तदाब. संधिवात. पायांच्या नसांचा दाह, ज्याला डॉक्टर न्यूरायटिस म्हणतात. आणि अधू होत गेलेली नजर. एका देहात एवढं सगळं, आणि त्या देहाला विश्रांती शून्य.

आमच्या वस्तीत, लातुरात, कुणाला शुगर निघाली की बाया म्हणतात, "आसू दे माय, बाबासाहेबाला बी व्हती." ह्यात धीर आहे, मी नाही म्हणत नाही. पण बाबासाहेबांना होती एवढंच आपल्याला ठाऊक. त्यांनी तिचं काय केलं, ते कुणी सांगितलंच नाही.

तर ऐका. घटनेचा मसुदा तयार होत होता त्याच दिवसांत त्यांची प्रकृती ढासळली. रात्री झोप नाही, पायांत कळा. मुंबईचे डॉ. माधवराव मालवणकर त्यांच्यावर उपचार करत होते. त्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करायच्या. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत लग्न झालं आणि त्या सविता आंबेडकर झाल्या, आपल्या माईसाहेब. इन्सुलिनची इंजेक्शनं, पथ्याचं जेवण, औषधांच्या वेळा त्यांनी हातात घेतल्या. म्हणजे बाबासाहेबांनी आजार अंगावर काढला नाही. डॉक्टर गाठला, सुई टोचून घेतली, पथ्य पाळलं, आणि जे आयुष्य हाताशी होतं ते कामाला लावलं. ह्या सगळ्याला बुद्धी लागते, शिस्त लागते. भाषणात मात्र ह्यातलं काहीच येत नाही. तिथं नुसता जागणारा देव उभा केला जातो.

मसुदा समितीत माणसं सात. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारी घटना समितीत उठले आणि त्यांनी हिशेबच मांडला. एकानं राजीनामा दिला. एक वारला, त्याची जागा भरली नाही. एक अमेरिकेत. एक आपल्या संस्थानी कारभारात. एकदोघं दिल्लीपासून लांब, आणि कदाचित तब्येतीमुळं येऊ शकले नसावेत. शेवटी सगळा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. ह्यातला "तब्येतीमुळं" हा शब्द मला हसवतो आणि रडवतो. ज्याची तब्येत खरोखर गेलेली होती तोच रोज हजर होता.

पुढं १९५१. १० ऑगस्टला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. माझ्या प्रकृतीची मला आणि डॉक्टरांनाही काळजी वाटते, डॉक्टर महिनाभराच्या उपचारासाठी मागं लागलेत, म्हणून हिंदू कोड बिल लवकर घ्या, असा त्याचा आशय. नीट वाचा. माणूस आजार लपवत नाही. आजार समोर ठेवून तो कामाची तारीख मागतोय. बिल रखडलं, सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढच्या निवेदनात साफ सांगून टाकलं की कुणी ह्याला आजारपणाचं कारण चिकटवू नये, आजारापायी कर्तव्य सोडणारा मी नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. आजार मान्य. आजाराची सबब नामंजूर.

१९५४ मध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला होते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा. तो हातातल्या काठीचा फोटो तुमच्या घरात असेलच. दुसऱ्या दिवशी दोन तासांवर भाषण, त्याच्या दुसऱ्या दिवशी चांद्याला पुन्हा दीक्षा समारंभ, नोव्हेंबरात काठमांडू. डिसेंबरात अलीपूर रोडचं घर, आणि सहा तारखेची सकाळ.

हा आजार शरीरात काय करतो हे सांगायला पाहिजे, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं, मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, मिळेल ते वाचून गोळा केलं. आपण खातो त्याची साखर होऊन रक्तात येते. तिला पेशीत शिरायला इन्सुलिन लागतं, आणि ते पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतं. इन्सुलिन कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईना झालं, की साखर रक्तातच फिरत राहते. आणि वर्षानुवर्षं फिरत राहिली की बारीक नसा आणि बारीक रक्तवाहिन्या कुरतडते. डोळ्याच्या पडद्यातल्या. मूत्रपिंडातल्या. पायाच्या तळव्यातल्या. काळजाच्या. रक्तदाब सोबतीला असला की हे काम दुप्पट चालतं. एकमेकांना हात देणारे चोर आहेत हे. पाय जळणं, नजर जाणं, झोप उडणं हे सगळं सुटं सुटं वाटतं, पण पुष्कळदा मूळ एकच.

त्या काळात घरी बोट टोचून बघायचं यंत्र नव्हतं. लघवी तपासत. निळं रसायन नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. साखर असली की हिरवं, पिवळं, जास्तच असली तर विटेसारखं लाल. निळं निळंच राहिलं तर दिवस चांगला. आमच्या लोकांना हे सांगितलं की हमखास हसतात, निळ्याचा मान ठेवला म्हणतात.

अजून एक गंमत, गंमत म्हणा नाहीतर काही म्हणा. इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये, कॅनडात, टोरांटोला. शोधणाऱ्यांनी त्याचा हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकला. आणि बाबासाहेबांच्या हयातीत बाजारात मिळणारं इन्सुलिन यायचं कुठून? कापलेल्या गायीबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून. जंतूंकडून माणसाचं इन्सुलिन तयार करून घेण्याची युक्ती १९८० च्या आसपास बाजारात आली. म्हणजे साठ वर्षं ह्या देशातल्या सोवळ्यातल्या दंडात, मांडीत, पोटात बैलाचा आणि डुकराचा अर्क रोज टोचला जात होता. ढोर ओढलं म्हणून माझा आजा बाटला. ढोर टोचून घेतलं म्हणून कोण बाटलं सांगा. जीव वाचायचा असला की सगळं शुद्ध.

आता एक अवघड गोष्ट लिहितो. बाबासाहेब गेले आणि आपल्यातल्या लोकांनी माईसाहेबांवर संशय घेतला. विष दिलं म्हणाले. डॉक्टर बाई, वरून बामणाची, मग काय, पुरावा कशाला पाहिजे! सरकारनं चौकशी केली, मरण नैसर्गिक होतं असं सांगितलं, तरी कुजबूज थांबली नाही. ती बाई कित्येक वर्षं एकटी पडली. सत्तरच्या दशकात पँथरच्या काही तरुणांनी त्यांना पुन्हा आपल्यात आणलं. २००३ मध्ये त्या वारल्या. आणि बघा, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' साठी बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात पाच वर्षांच्या आजारपणाचा उल्लेख आहे. आपण जगलो ते पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळं, अशी कृतज्ञता आहे. १९५७ मध्ये ग्रंथ छापला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांपुढं यायला १९८० उजाडलं.

मला वाटतं, त्या संशयाचं एक कारण आपलं अज्ञान होतं. पासष्टीचा माणूस, अंगात कित्येक वर्षांची शुगर, रक्तदाब, आदल्या रात्री उशिरापर्यंत कागदांत डोकं, आणि झोपेत प्राण गेला. दवाखान्यात काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला ह्यात नवल वाटणार नाही. आपल्याला वाटलं, कारण ह्या आजारानं माणूस असा जातो हे आपल्याला माहीतच नव्हतं. त्या न कळण्याची किंमत एका बाईनं चुकवली.

आणि अजून चुकवणं चालू आहे. फक्त आता माणसं वेगळी आहेत.

माझा मामा नांदेडचा. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा तो वीस वर्षांचा. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ४ ऑगस्टला जाळून मारलं, ते त्याच जिल्ह्यातलं. मामा तेव्हापासून चळवळीत. मोर्चे, पत्रकं, कोठडी, पायात चप्पल असो नसो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा तो औरंगाबादला गेटसमोर नाचला होता म्हणे. पायांवर त्याचा फार जीव. "ह्या पायानं मराठवाडा हिंडलाव रे," असं सांगायचा.

त्याला शुगर निघाली पन्नाशीत. गोळी सुरू झाली. बरं वाटलं की बंद. मग पुन्हा सुरू. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलवाल्याकडून दुखायची गोळी, रोज एक, चहाबरोबर. कुणी त्याला सांगितलं नाही की ही गोळी रक्तदाब चढवते आणि शुगरवाल्याच्या मूत्रपिंडावर घाव घालते. चार आजारांच्या चार पुड्या, चार ठिकाणांहून आणलेल्या, आणि एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नाही. मग एक दिवस चपलेचा खिळा वर आला. दिवसभर तो खिळा तळव्यात रुतत होता आणि मामा चालत होता. संध्याकाळी मामीनं फरशीवर रक्त बघितलं.

"दुखतच न्हाई की, कशाला गोंधळ घालायलाव?" मामा म्हणाला.

दुखत नव्हतं हेच तर दुखणं होतं. नसा मेल्या होत्या. हळद भरली, चिंधी बांधली. महिन्यानं अंगठा काळा पडला. अंगठा गेला, मग चवडा, मग गुडघ्याखालून पाय. एका दवाखान्यात तीन दिवस फिरवाफिरवीत गेले, ते वेळेवर बघितलं असतं तर चवड्यावर भागलं असतं असं पुढच्या डॉक्टरनं सांगितलं. आता तो दारात खुर्ची टाकून बसतो. कार्यकर्ते वर्षातून एकदा येतात, शाल घालतात, फोटो काढतात, लाँग मार्चचं विचारतात. उरलेला पाय कुणी बघत नाही. मी जातो तेव्हा तो पाय मांडीवर घेतो, बोटांच्या बेचक्या उघडतो, टाच बघतो. मामाला लाज वाटते. "सोड रे, भाच्यानं पायाला हात लावू नये." मी म्हणतो, मामा, रोज बघितलाच पाहिजे, नायतर हा बी जाईल.

माझी माय त्याची धाकटी बहीण. दुष्काळातली. १९७२ ला माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, पोटात माय. खायला लाल मिलो आणि सुकडी. माय जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जगली. आयुष्यात कधी जाड झाली नाही. आणि चाळिशी ओलांडली तशी तिला शुगर निघाली. शेजारीपाजारी म्हणाले, "तुला कशी? तू तर काडीवानी. हा तर सावकाराचा आजार."

हे सावकाराचा आजार प्रकरण आपण एकदा नीट सोडवून घेऊ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक म्हणून आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची लेकरं वर्षानुवर्षं तपासली. निघालं काय? आपली लेकरं जन्मतात कमी वजनाची, हातपाय काटकुळे, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. बाहेरून हडकुळी, आतून चरबीची. पोटात असताना उपासमार झाली की शरीर काटकसर शिकतं, आणि पुढं दोन घास जास्त मिळाले, बैठं काम आलं, भात आणि साखर वाढली, की हीच काटकसर अंगावर येते. म्हणजे आजीची भूक मायच्या रक्तात साखर होऊन उतरू शकते. माझ्या मायच्या बाबतीत अगदी असंच घडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण ह्यापुढं माझ्यासमोर कुणी सावकाराचा आजार म्हणू नये. सावकारानं आमचं धान्य खाल्लं, त्याचं दुखणं पण आमच्याच वाट्याला आलं.

मायचा आजार आम्हाला कळला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. लातुरातला तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. नळ कोरडे. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, पाचाच्यावर माणसं जमायची नाहीत. महाडचं तळं झालं १९२७ च्या मार्चमध्ये, आणि एकोणनव्वद वर्षांनी त्याच महिन्यात पाण्यापाशी जमायला पुन्हा बंदी. आता कारण जातीचं नव्हतं म्हणा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, फोटो निघाले, हार घातले. आमच्या घरात दोन घागरी. आणि माय रात्री चार चार वेळा उठायची. तहान भागेना. घोटभर पाणी तोंडात धरून बसायची आणि हळूच गिळायची, घागर कळायला नको म्हणून. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. तिला लघवीला पण सारखं जावं लागायचं, वस्तीत रात्री बाईमाणसानं जायचं कुठं, म्हणून ती पाणी आणखीच तोडायची. शेवटी आजीनं ओळखलं. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग बघून म्हणाली, "हिच्या मुतात गोड आलंय."

तपासली तेव्हा शुगर चारशेच्या वर होती. त्या उन्हाळ्यात मायसारख्या किती जणींची तहान उन्हाळ्याच्या खात्यावर लिहिली गेली, कुणास ठाऊक.

आज तिला शुगर, रक्तदाब आणि गुडघे, तीन आहेत, आणि चौथं दारात उभं आहे. मागच्या तपासणीत क्रिएटिनीन वाढलेलं निघालं. हे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारं माप. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आणि शुगर धरून ठेवली तर मूत्रपिंड बरीच वर्षं चालेल. नाही धरली तर डायलिसिस. आठवड्यातून दोन तीनदा, चार चार तास. त्यांनी दुखायची गोळी बंद केली. गुडघ्यांना शेक आणि हलका व्यायाम. मीठ कमी, लोणचं बंद. तर खरं सांगायचं म्हणजे शुगर सांभाळणं हे साखर न खाण्याचं काम नाहीच. एकाचं औषध दुसऱ्याला बाधणार नाही, एकाचं पथ्य दुसऱ्याला मारणार नाही, अशी ती रोजची तारेवरची कसरत आहे. रक्तदाबाची गोळी "काही त्रास नाही" म्हणून बंद करायची नाही, कारण रक्तदाब त्रास देतो तो एकदाच, लकवा मारतो तेव्हा. खोकला पंधरा दिवसांच्या वर टिकला तर टीबीची तपासणी करायची, कारण शुगरवाल्याला टीबी इतरांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त गाठतो. आणि डाळमिलमध्ये तर खोकला सगळ्यांनाच. धुळीचा कोणता, छातीचा कोणता, कळणार कसं?

डॉक्टर म्हणतात भात कमी करा, डाळ खा. मी हसतो. लातूरची तूरडाळ देशभर जाते. मी रोज तिच्या पोत्यांखाली वाकतो. तूर चाळायची, तेल लावायचं, वाळवायची, रोलरवर सोलायची, फोडायची, डाळ एकीकडं, चुनी एकीकडं. नाकात, कानात, भाकरीत डाळीची धूळ. घरी मात्र डाळ पावशेरानं येते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, खरं आहे, आणि त्यावर लोक जगलेत. पण ते असतं बहुतेक तांदूळ आणि गहू. आमच्या आज्याची ज्वारी आता महाग झाली. मग सकाळी गोड चहात बुडवलेला पाव, दुपारी भात, संध्याकाळी भात. भूक मारायला दिवसातून सहा चहा. आणि वर पथ्याचा छापील कागद, त्यात सफरचंद आणि अक्रोड.

मिलमधली एक गोष्ट सांगतो. आमच्यात एक हमाल आहेत, पन्नाशीचे, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. शुगर उतरवणारी गोळी चालू. त्या दिवशी सकाळी गोळी घेतली, पण गाडी आली म्हणून न्याहारी राहिली. दहा वाजता पोतं पाठीवर घेतलं आणि गुडघ्यावर आले. घामानं चिंब, हात थरथर, जीभ जड, काहीतरी बरळायले. मुकादम वरून ओरडला, "सकाळी सकाळीच लावून आलंय साल्यानं." दोघं हसले. एकानं पायानं ढोसलं.

दाजींनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. शुगर वाढल्यावर मरायला वर्षं लागतात, उतरल्यावर तास पुरतो. मी चहावाल्याकडून साखर आणली, तीन चमचे, पाण्यात ढवळून पाजली. शुद्ध होती म्हणून पाजली. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून जीव जातो, तेव्हा सरळ दवाखाना. पंधरा मिनिटांत दाजी उठून बसले. पहिलं काय बोलले असतील? "मी पिलेलो न्हाई, साहेब." त्यांची अर्धी हजेरी कापली आणि दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. आपला माणूस रस्त्यात डुलताना दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात निदान आधीच तयार असतं. म्हणून मी आता दाजींच्या खिशात दोन गोष्टी बघतो. साखरेची पुडी, आणि "मला शुगर आहे, मी प्यालेलो नाही" अशी चिठ्ठी. चिठ्ठी मीच लिहून दिली. माझ्या कवितांपेक्षा ती जास्त वाचली जाते.

ह्या जागी बाबासाहेब पुन्हा येतात, आणि फोटोतले नाहीत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला प्रा. अडारकर नेमले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढं कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला लोक ईएसआय म्हणतात. तारीख १९ एप्रिल १९४८. वर सांगितलेल्या लग्नाला तेव्हा चारच दिवस झाले होते. एकीकडं इन्सुलिन घेणारा माणूस, दुसरीकडं त्यानं ज्याचा पाया घातला तो आजारी मजुराचा कायदा. आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, आणि घरच्यांसकट दवाखाना. ज्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथं ईएसआय लागू होतं. आमच्या मिलमध्ये किती आहेत ते विचारू नका. कागदावर किती आहेत ते विचारा. बाकीची ठेकेदाराची माणसं, रोजावर, वहीत नाव नाही. नाव नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून तपासणीला गेलं की त्या दिवसाचा रोज बुडाला. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केले, हे चांगलंच झालं. पण वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. आणि फुकटची गोळी आणायला बुडालेला रोज कुठल्या निर्णयात बसतो? महिन्याला एक रोज शुगरचा, एक मायला नेण्याचा. त्यात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरला चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यात बारा नवजात लेकरं. तेव्हापासून मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की म्हातारी माणसं "नको बाबा" म्हणतात. त्यांना कोणत्या तोंडानं समजवायचं? तरी समजवावं लागतं.

आम्ही काय करतोय ते थोडक्यात. विहारात एक वही ठेवली. नाव, वय, शुगर, रक्तदाब, कोणत्या गोळ्या, आणि पाय बघितला का. रविवारी वंदना झाली की मशीन काढतो. उपकेंद्राच्या ताई येतात, त्यांना जमलं नाही तर आम्हीच. वहीत एकेचाळीस नावं झाली, त्यातल्या सतरांना आपल्याला शुगर आहे हे ठाऊक नव्हतं. वाद पण झाले. जयंती कमिटीत मी म्हटलं, डीजेच्या पैशातून पट्ट्यांचे डबे घेऊ, एक पट्टी वीस रुपयाला पडते. एक कार्यकर्ता भडकला. "चळवळीचा दवाखाना करायलास का?" त्याच्या वडलांचं नाव वहीत नवव्या ओळीत आहे. मी ते सांगितलं नाही. बाया मात्र म्हणाल्या, डीजे एक तास कमी वाजवा. तसं ठरलंय, लेखी नाही.

दुसरा कागद मिलचा आहे. ठेकेदाराच्या वहीत नावं चढवा आणि ईएसआय लावा, असा अर्ज. त्यावर तेवीस सह्या आणि अंगठे आहेत. दाजींचा पहिला. त्यांना कामावर परत घेतलेलं नाही, तरी अंगठा त्यांनीच पहिला दिला. मुकादमानं अर्ज घेतला नाही. सोमवारी आम्ही तो कामगार आयुक्तांच्या कचेरीत द्यायला जाणार आहोत, मधल्या सुट्टीत, म्हणजे रोज बुडणार नाही. मायची पुढची तपासणीही त्याच दिवशी आहे. तिला बहीण घेऊन जाईल.